गोळीनं उपास मोडत नाही

मी विष प्यायलो नव्हतो. हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या दिंडोरीच्या बाजूला निम्म्या लोकांना अजून तसंच वाटतं. लग्नकार्याला गेलो की एखादा लांबचा पाहुणा बाजूला घेतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "आता बरं हाय ना सगळं? असा विचार परत मनात आणायचा नाय." अरे बाबा, परत आणायला तो आधी होता कधी? माझ्या पोटात अंगदुखीची गोळी होती. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते ती. तिनं माझं पोट फाडलं, आणि ती नसली की माझा कणा लाकूड होतो. या दोन्हींच्या मधे मी इतकी वर्षं अडकून पडलोय. ज्यांना माझ्यासारखा आजार आहे, किंवा जे रोज सकाळी चहाबरोबर अशी गोळी तोंडात टाकतात, त्यांच्यासाठी लिहितोय. वाचून धीर येईल असं मात्र मी कबूल करत नाही. खोटं कशाला बोलू?

सकाळची कंबर

आमची द्राक्षबाग. घरात वडील, मी आणि बायको मंगल. वडलांना आम्ही दादा म्हणतो. द्राक्षाचा वेल तारांच्या मांडवावर, माणसाच्या डोक्याच्या वर पसरतो, त्यामुळं छाटणी करणारा दिवसभर मान वर करूनच चालतो. मला छाटणीचा लय नाद. काडी बघितली की कुठल्या डोळ्यातून, म्हणजे पेरावरच्या कोंबातून, घड निघणार ते मला कळायचं. गावात माझा हात धरणारं कोणी नव्हतं असं लोक म्हणायचे. आता लोक म्हणत नाहीत, म्हणून मीच म्हणतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी पंचविशीतला. सकाळी उठायला गेलो की कंबर अशी धरलेली असायची की कुशीवर वळायलासुद्धा मंगलचा हात लागायचा. टाच दुखायची, बूड दुखायचं, कधी एक डोळा लालभडक व्हायचा. गंमत अशी की तासदोन तास काम केलं की अंग मोकळं व्हायचं, आणि जरा टेकलो की परत धरायचं. हे कोणालाच पटायचं नाही. दादा ओट्यावरून ओरडायचे, "काम केलं की बरं वाटतं म्हणतो, आन सकाळी उठत नाय. ह्या आजाराला आमच्यात आळस म्हणत्यात!"

मग सुरू झाले गावठी इलाज. तेल चोळून झालं, चुना-गूळ लावून झाला. एका पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, म्हातारीकडून कमरेला लाथ मारून घेतली. पायाळू माणसाच्या लाथेनं धरलेली कंबर सुटते म्हणतात. म्हातारीनं मनापासून मारली. आठवडाभर मी वाकडा चालत होतो आणि मंगल पदर तोंडाला लावून हसत होती. तेव्हा हसू यायचं आम्हाला.

शेवटी दादाच मला नाशिकला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. फोटो काढले, रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "मणके एकमेकांना चिकटायला लागलेत. यात हळूहळू सगळा कणा बांबूसारखा एकसंध होतो. मानसुद्धा."

दादांनी विचारलं, "पण छाटणी करता येईल ना?"

"गोळी रोज घेतली आणि व्यायाम केला तर बरीच वर्षं चालेल."

"म्हंजे पुरतं बरं नाय व्हनार?"

"नाही."

बाहेर आल्यावर दादांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही. मी पीत असताना ते माझ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मी उगा बोललो रं तुला आळशी." तेवढंच. त्यानंतर त्यांनी मला कधी हाक मारून उठवलं नाही. त्यांचं ते ओरडणं बंद झालं आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

घरी आल्या आल्या मी मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी काय करायचं ते सांगा." मला काय ठाऊक काय करायचं!

गोळीचे दिवस

ती गोळी घेतल्यानंतरची पहिली चांगली सकाळ मला मरेपर्यंत आठवेल. मी उठून बसलो. एकट्यानं. मंगल चुलीजवळ होती, तिला हाकही मारली नाही. तसाच बागेत गेलो, मांडवाखाली उभा राहिलो आणि मान वर केली. गेली! पार मागं गेली. पानांतून आभाळ दिसलं आणि मी लहान पोरासारखा रडलो.

म्हणून सांगतो, या गोळीला शिव्या देणारे खूप भेटतात, पण तिनं काय दिलं ते ज्याला मिळालं त्यालाच कळतं. ती होती तोवर माझी मान वर जात होती. मान वर जात होती तोवर मी माणूस होतो. मला बाकी काही नको होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवणानंतर घ्या, आणि वाढवायची झाली तर मला विचारा. वर्षानुवर्षं मी तसंच वागलो. मग सवय झाली. गोळी म्हणजे काय, बिडीसारखी खिशात. गावात निम्म्यांच्या खिशात असायचीच. कोणाचं डोकं दुखलं, कोणाचा दात, की मी काढून द्यायचो.

घट बसले आणि छाटणीही बसली

आमच्याकडे गोडी छाटणी आणि नवरात्र बऱ्याचदा एकत्रच येतात. याच छाटणीनंतर घड येतात, वर्षाचं सगळं तिच्यावर. आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गडावरच्या देवीचे नऊ दिवस कडक उपास. घट बसले की घरचा कर्ता पुरुष अनवाणी राहणार, संध्याकाळच्या आरतीनंतर थोडं रताळं नाहीतर खजूर, दिवसभर नुसता काळा चहा. दादांचं वय झालं तसं त्या वर्षी ते उपास पहिल्यांदाच माझ्याकडे आले.

मंगल म्हणाली, "औंदा राहू द्या. देवी काय मारायला येणार हाय का? गोळी जेवून घ्या म्हणलेत डॉक्टर."

दादा म्हणाले, "गोळीनं उपास मोडत नाय. औषधाला देवाची सूट असती."

हे आमच्याकडे सगळेच मानतात. दवा घेतली तर उपास मोडत नाही. पण दव्याबरोबर भाकरी खाल्ली तर मोडतो. म्हणजे देवाची सूट गोळीला, पोटाला नाही! तेव्हा हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी पहाटे काळ्या चहाबरोबर एक घ्यायचो. दिवसभर वर बघून बघून दुपारी मान धरली की परत एक. छाटणी मागं पडायला लागली तशी संध्याकाळीही एक.

पोटात जळजळ व्हायची. उपास आहे, होणारच. शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, चिकट. मी म्हटलं, खजूर खातोय त्याचं असेल. कोणाला सांगणार? असल्या गोष्टी कोणी सांगतं का? आज मी चारचौघांत सांगतो. बायामाणसं बसलेली असली तरी सांगतो. दुखण्याची गोळी चालू असेल आणि शौचाला डांबर झालं, तर तो खजूर नाही, ते तुमचं रक्त आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अष्टमीला मी आणि संपत बागेच्या वरच्या कोपऱ्यात होतो. संपत माझा छाटणीचा जोडीदार, भावापेक्षा जवळचा. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना फूट यावी म्हणून लाल रंग कालवलेली पेस्ट लावतात. ती विषारी असते. मी तिचा डबा उचलायला टाकीपाशी गेलो आणि डोळ्यांपुढं अंधार आला. भडाभडा उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी काळी-तपकिरी, मधे लाल गाठी. फवारणीच्या डबड्यांशेजारीच मी आडवा झालो.

आता तुम्हीच सांगा, द्राक्षबागेत औषधांच्या डबड्यांशेजारी माणूस ओकत पडलेला दिसला तर बघणाऱ्याला काय वाटेल? संपतनं बोंब ठोकली, "दत्तूनं घेतलं रं! दत्तूनं काहीतरी घेतलं!"

मिठाचं पाणी

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. कोणीतरी माझा जबडा धरलाय. तांब्या तोंडाला लावलाय. मिठाचं पाणी. मी "गोळी, गोळी" म्हणतोय आणि संपत रडत रडत ओततोय, "ओक बाबा, सगळं ओकून टाक." मी ओकलो. रक्तच ओकलो. त्यांना वाटलं विष निघतंय. बिचारे आणखी पाजत राहिले. संपतचा मला राग नाही. त्यानं मला मरू द्यायचं नाही म्हणूनच ते केलं. पण पोटात आधीच भोक पडल्यासारखी जखम होती आणि तिच्यावर मिठाचं पाणी. ती आग शत्रूच्या वाट्यालाही येऊ नये.

जीपमधून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथंही सगळ्यांनी हेच सांगितलं. नाकातून नळी घातली, विषावरचं इंजेक्शन दिलं. माझं तोंड कोरडं ठाक पडलं, भलतंसलतं दिसायला लागलं. मी नळी ओढत होतो म्हणून हात खाटेला बांधले. मी बरळत होतो आणि बरळणाऱ्या माणसाचं कोण ऐकतो?

बाहेर पोलीस आले होते. विषाची केस म्हटलं की येतातच. त्यांनी मंगलला बाकावर बसवून विचारलं, "भांडण झालं होतं का? कर्ज हाय का? सासऱ्यांशी पटतं का?" आमच्यावर कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं. मंगल सांगत होती, "त्यांच्या गोळ्या चालू होत्या, हाडाच्या." पण ऐकणारे माना डोलावत होते. बाया असंच काहीतरी सांगतात, झाकायला, असं त्यांना वाटत असणार.

रात्रपाळीचे डॉक्टर आले, त्यांनी नळीतून आलेलं बघितलं, वास घेतला. "याला औषधाचा वास कुठे आहे? हे तर निव्वळ रक्त आहे." मग त्यांनी मंगलला बोलावून गोळीचं विचारलं आणि मला नाशिकला पाठवलं.

वॉर्डातले दिवस

नाशिकच्या दवाखान्यात दुर्बीण घालून जखम बघितली, रक्त चढवलं. दोन गावांतल्या पोरांनी येऊन रक्त दिलं. पहिले काही दिवस तोंडानं काही नाही. मग गार दूध. मग मऊ भात. रोज सकाळी मावशी फरशी पुसायला यायची आणि फिनेलच्या वासानं मला जाग यायची. मग सिस्टर, मग सुई, मग राउंड. शेजारच्या खाटेवर मनमाडचे एक रिटायर रेल्वे गार्ड होते. ते रोज माझ्यासाठी पेपर मोठ्यानं वाचायचे, कारण मला मान वाकवून हातातला पेपर वाचता येत नव्हता. गोळी बंद होऊन जेमतेम काही दिवस झाले होते आणि कणा परत धरत होता. आडवं पडलं की जास्त धरतो. आणि दवाखान्यात आडवं पडण्याशिवाय दुसरं काम काय? दुखणं असं की श्वास घेतला तरी बरगड्या ओरडायच्या. मी सिस्टरला म्हणायचो, "काहीतरी द्या हो." त्या म्हणायच्या, "तुम्हाला चालणारं आहे ते दिलंय." त्यानं माशी हलत नव्हती.

एके दुपारी वॉर्ड शांत असताना मंगल खाटेजवळ आली. बराच वेळ चादरीची घडी करत बसली. मग म्हणाली, "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"मी काही बोलले का तुम्हाला? माझ्याच्यानं काही चुकलं का? तुम्ही घेतलं नाय ना हो काही?"

हा घाव पोटातल्या जखमेपेक्षा खोल गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रिपोर्ट होते, तरी तिच्या मनात ते राहिलंच होतं. मी चिडलो. "तूसुद्धा?" म्हणून ओरडलो, तर बरगड्यांत कळ आली. ती रडायला लागली, मीही. गार्डबाबांनी पेपर तोंडापुढं धरला. दुसरं काय करणार ते?

व्हॉल्व्हची गोष्ट

घरी सोडायच्या दिवशी पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं, "शेती काय आहे?" म्हटलं, "द्राक्ष. ठिबकवर."

"मग तुम्हाला लगेच कळेल. शरीरात एक रस तयार होतो. एका लाइननं तो सांध्यात जातो, तिथं सूज आणतो, दुखवतो. दुसऱ्या लाइननं जठरात जातो, तिथं आतून अस्तर राखतो, आम्लापासून वाचवतो. तिसरी लाइन मूत्रपिंडाला रक्त पुरवायला मदत करते. तुमची गोळी सांध्याचा व्हॉल्व्ह बंद करत नाही. ती मेन व्हॉल्व्ह बंद करते."

"म्हणजे तण मारायला गेलो आन बागच वाळवली."

"तसंच."

मी म्हटलं, "उपास नसता केला तर वाचलो असतो ना?" मला खरं तर "हो" ऐकायचं होतं. म्हणजे चूक सापडली, पुढं करायची नाही, झालं.

ते म्हणाले, "तिप्पट गोळ्या घेतल्यात, ते सगळ्यात वाईट. उपाशीपोटी जळजळ जास्त होते. पण गोळी रक्तात जाते आणि रक्तातून व्हॉल्व्ह बंद करते. भाकरी खाऊन घेतली असती तरी इतक्या वर्षांनी हे झालंच नसतं असं मी सांगू शकत नाही."

"मग आता?"

"ही गोळी परत नाही. पुन्हा रक्त गेलं तर हाताशी वेळ मिळेलच असं नाही."

"आणि मणके?"

त्यांनी माझे कागद पुढं ओढून सही केली. डॉक्टर असा कागदाकडे वळतो ना, तेव्हा समजायचं.

मान

पुढची दोन वर्षं मी बिनगोळीचा राहिलो. व्यायाम केला, शेक घेतला, साधी तापाची गोळी घेतली. मान महिन्यामहिन्यानं खाली आली. आधी आभाळ गेलं, मग मांडव गेला, मग समोरच्याचं तोंड. पाठीला बाक आला. मंगलनं फवारणीच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या कमरेला. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिनं कुलूप लावलं ते बरंच केलं.

मग नवीन गोळी आली. डॉक्टरांनीच बोलावून सांगितलं की ही मेन व्हॉल्व्हला हात लावत नाही, फक्त सुजेची लाइन बंद करते. पोटाला सोसेल. देवा! ती घेतल्यावर आठवड्याभरात मी सकाळी एकट्यानं उठलो. जे चिकटलं होतं ते सुटलं नाही, पण जे उरलं होतं ते हललं. मांडवाच्या खालच्या काड्या मला दिसायला लागल्या. मी परत कात्री धरली. संपतनं पेढे वाटले, येडा कुठला.

काही वर्षांनी गोळी आणायला गेलो तर मेडिकलवाला म्हणाला, "ती बंद झाली. कंपनीनं मागे घेतली, सगळीकडून. हृदयाला धोका निघाला." मी दुकानाच्या पायरीवर बसलो. पोट वाचवायला गेलो तर काळीज! अंगाचा एकेक अवयव रांगेत उभा आहे आणि गोळी त्यातला एक मागतेय, असं वाटलं मला. मी दुकानाबाहेर बसून मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. कोणाला, ते मलाही माहीत नाही.

मोठ्या शहरात म्हणे नवीन इंजेक्शनं आहेत. ती आमच्या आवाक्यात नाहीत. म्हणून डॉक्टरांनी नाइलाजानं जुनीच गोळी, कमीत कमी, पोटाच्या गोळीच्या आधारानं परत सुरू केली. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं.

यंदाच्या तपासणीत मूत्रपिंडाचा आकडा वर गेला. डॉक्टर म्हणाले, "तिसरी लाइन. आता थांबवावी लागेल. नाही थांबवली तर काही वर्षांत डायलिसिस." मी विचारलं, "थांबवली तर मान सुटेल?" ते म्हणाले, "मान आता सुटत नाही. दुखणं तेवढं वाढेल." छाटणी तर ती नवीन गोळी बंद झाली तेव्हाच संपली होती. आता उरलं होतं ते नुसतं रात्री आडवं पडता येणं.

एसटीत मंगल खिडकीशी बसली. घरी आलो, तिनं भाकरी टाकली, ताट माझ्या पुढ्यात ठेवलं. मी म्हटलं, "उद्यापासून बंद."

"नाय करायची बंद."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर रात्री इथं झोपत न्हाईत." तिचा आवाज फाटला. "मी झोपते. तुम्ही कण्हता ते मी ऐकते. ती दोन वरसं मी ऐकलं. मला आता नाय ऐकवत हो. जेवढी वरसं जायची ती जाऊ द्या, पण जी राहतील ती अशी नकोत."

मला राग यायला हवा होता. माझ्या बायकोनं माझं आयुष्य कमी करायला सांगितलं होतं, आणि ज्या बाईनं दवाखान्यात मला "खरं सांगा" म्हणून विचारलं होतं तीच हे सांगत होती. राग आला नाही. गेल्या कितीतरी वर्षांत माझ्या बाजूनं कोणी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं.

मान वळत नसल्यामुळं मला तिचं तोंड दिसत नव्हतं. चुलीपुढं तिचे हात दिसत होते. एका हातात गोळी होती. भाकरीनं काही वाचत नाही हे मला पाठ आहे. तरी मी सगळी भाकरी खाल्ली, ताट बाजूला सारलं आणि तिच्यापुढं हात केला.